अल्पपरिचित संगीतकारावर विकिपीडियात लेख होऊ शकतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या वादकाचं किंवा गायिकेचं काम मनापासून आवडतं, त्यांच्याबद्दल वाचायला जावं तर विकिपीडियावर पानच नसतं. मग आपणच लिहू असं वाटतं. लिहिलेलं पान दोन दिवसांत वगळलं गेलं की लिहिणारा दुखावतो आणि कलाकारही. ते टाळण्यासाठी आधीच काय तपासायचं, ते इथे सविस्तर दिलं आहे. नियमांचे तपशील मुख्यतः इंग्रजी विकिपीडियाचे आहेत. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो, त्यामुळे काटेकोरपणा कमीजास्त असेल, पण गाभा सगळीकडे तोच आहे.

लेख होईल की नाही, हे नेमकं कशावरून ठरतं?

एका प्रश्नावरून. ज्यांचं या कलाकाराशी काही देणंघेणं नाही अशा लोकांनी त्याच्या कामाबद्दल विश्वासार्ह ठिकाणी सविस्तर लिहून ठेवलं आहे का? विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. सविस्तर, विश्वासार्ह आणि स्वतंत्र या तिन्ही अटी एकाच संदर्भात पूर्ण व्हायला हव्यात, आणि असे संदर्भ एकाहून अधिक हवेत. एक लेख लांबलचक पण रेकॉर्ड कंपनीनेच लिहिलेला, दुसरा स्वतंत्र पण एका ओळीचा, अशी बेरीज चालत नाही.

यामागचं कारण साधं आहे. विश्वकोश स्वतः संशोधन करत नाही, इतरांनी तपासून छापलेलं एकत्र करतो. असं छापलेलं काही नसेल तर लेखात लिहायचं तरी कशाच्या आधारावर?

पण तो खरोखर गुणी कलाकार आहे. ते पुरेसं नाही का?

नाही. हे उत्तर ऐकायला कठोर वाटतं, पण त्यात कलाकाराचा अपमान नाही. सूर किती पक्का, लय किती भिनलेली, हे विकिपीडियाचा संपादक ऐकून ठरवत नाही आणि त्याने ते ठरवूही नये. संपादक स्वयंसेवक असतात. तुमचा मसुदा (तपासणीसाठी पाठवलेला कच्चा लेख) तपासणारी व्यक्ती रसायनशास्त्राची शिक्षिका असेल, निवृत्त अभियंता असेल. तिला संगीताचा गंधही नसेल, तरी संदर्भ वाचून तिला निर्णय घेता आला पाहिजे. निर्णय कानावर सोपवला तर ज्याची ओळख जास्त, त्याचं पान आधी होईल.

याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. समीक्षकांनी आणि पत्रकारांनी ज्यांच्याकडे पाहिलंच नाही, त्यांची उणीव विश्वकोशात जशीच्या तशी उतरते. स्त्रिया, मोठ्या शहरांबाहेरचे कलाकार, कमी बोलल्या जाणाऱ्या भाषांत गाणारे यांच्या बाबतीत ही उणीव मोठी आहे. हा अन्याय खरा आहे, पण तो विकिपीडियाचे निकष सैल करून भरून निघत नाही. आधी कुठेतरी लिहिलं जावं लागतं. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात सांगितलं आहे.

‘सविस्तर’ आणि ‘स्वतंत्र’ हे प्रत्यक्षात कसं ओळखायचं?

समजा, एका सरोदवादिकेचा मसुदा समोर आला आहे. खाली अकरा संदर्भ आहेत. आकडा भरघोस दिसतो. आता एकेक उघडून बघू.

पहिले दोन दुवे गाणी ऐकण्याच्या ॲपवरच्या तिच्या पानांचे आहेत. ती अस्तित्वात आहे आणि तिचं संगीत उपलब्ध आहे, इतकंच त्यातून कळतं. तिसरा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा, म्हणजे स्वतंत्र नाही. चौथी एका संगीत महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका. तिच्यातला परिचय बहुतेक वेळा कलाकाराकडूनच आलेला असतो. पाचवी, सहावी आणि सातवी ही वेगवेगळ्या वृत्तसंकेतस्थळांवरच्या बातम्या. तीन संदर्भ मिळाले असं वाटतं, पण शेजारी शेजारी उघडल्यावर तिन्हींत हेच वाक्य सापडतं: ‘आपल्या सुरेल वादनाने त्यांनी रसिकांना मंत्रमुग्ध केले.’ स्वल्पविरामही त्याच जागी. एकच प्रसिद्धिपत्रक तीन ठिकाणी छापलं गेलं आहे. बातमीला लेखकाचं नाव नाही. त्यामुळे तिन्ही मिळूनही एक संदर्भ होत नाही.

आठवी मुलाखत. तिच्याबद्दल पुढे सांगतो. नववी एका मैफलीची बातमी, ज्यात सहा कलाकारांच्या यादीत तिचं नाव चौथं आहे. हा नुसता उल्लेख झाला.

दहावा संदर्भ मात्र संगीताच्या मासिकातलं तिच्या अल्बमचं परीक्षण आहे. समीक्षकाचं नाव आहे, मजकूर पानभर आहे, आलापीची बांधणी कुठे जमली आणि द्रुत गतीत कुठे घाई झाली हे त्याने लिहिलं आहे. अकरावं विद्यापीठ प्रकाशनाचं पुस्तक आहे, ज्यात तिच्या गुरुपरंपरेवरच्या प्रकरणात अडीच पानं तिच्या वादनशैलीवर आहेत. मसुदा तरला तर या दोन संदर्भांवर तरेल. उरलेले नऊ काढून टाकले तरी काही बिघडत नाही, उलट तपासणाऱ्याचं काम सोपं होतं. मसुदा पाठवण्याआधी आपल्या यादीची अशीच छाननी करा.

मुलाखत संदर्भ म्हणून चालते का?

माहितीसाठी चालते, उल्लेखनीयता सिद्ध करायला सहसा नाही. मुलाखतीत कलाकार स्वतःबद्दल बोलत असतो. मुलाखतकाराने स्वतःच्या शब्दांत कामाचं विवेचन केलं असेल, प्रस्तावना भरीव असेल, तर तेवढा भाग स्वतंत्र धरला जाऊ शकतो. नुसती प्रश्नोत्तरं असतील तर जन्मसाल, गुरूंची नावं, अशा साध्या गोष्टींपुरतीच ती वापरा.

त्यांच्या व्हिडिओला लाखो व्ह्यूज आहेत. त्याचं काहीच मोल नाही?

निकषात नाही. व्ह्यूज आणि फॉलोअर्स विकत मिळतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये थ्रेटिन नावाचा अमेरिकन बँड ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. शेकडो तिकिटं विकली गेल्याचं सभागृहांना सांगण्यात आलं होतं, प्रत्यक्षात समोर जवळजवळ कुणीच नव्हतं. मग लोकांनी खोदून पाहिलं, तेव्हा बँडची रेकॉर्ड कंपनी, कार्यक्रम ठरवणारी संस्था आणि ऑनलाइन चाहते यांतलं बरंच काही बनावट निघालं. नुसत्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता तर हा बँड मोठाच ठरला असता.

खऱ्या आकड्यांना अप्रत्यक्ष उपयोग असतो. एखादं गाणं खरोखर घराघरांत पोहोचलं असेल तर त्याच्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं असण्याची शक्यता वाढते. ते लेखन शोधा.

संगीतकारांसाठी वेगळे निकष आहेत म्हणे?

आहेत. इंग्रजी विकिपीडियावर त्यांची मोठी यादी आहे. गाणं किंवा अल्बम देशपातळीवरच्या अधिकृत चार्टमध्ये (लोकप्रियतेच्या क्रमवारीत) येणं, विक्रीसाठी गोल्ड किंवा त्यावरचं प्रमाणपत्र मिळणं, मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडून किंवा महत्त्वाच्या स्वतंत्र कंपनीकडून किमान दोन अल्बम निघणं, ग्रॅमीसारख्या मोठ्या पुरस्काराचं नामांकन, मोठ्या संगीत स्पर्धेत पहिल्या तीनांत येणं, देशभरच्या दौऱ्याची वृत्तपत्रांनी सविस्तर दखल घेणं, राष्ट्रीय वाहिनीवर त्या कलाकारावर भरीव कार्यक्रम होणं, वगैरे.

ही यादी वाचताना एक शब्द बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. यातली एखादी अट पूर्ण झाली तर कलाकार उल्लेखनीय असू ‘शकतो’, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे संदर्भ असण्याचा संभव आहे, शोधून बघा, एवढाच तिचा अर्थ. चार्टवर एकदा येऊन गेलेल्या पण ज्याच्याबद्दल चार ओळीही कुणी लिहिल्या नाहीत अशा बँडचं पान वगळलं गेल्याची उदाहरणं आहेत. शिवाय ‘मोठा पुरस्कार’ म्हणजे खरोखर मोठा. शुल्क भरून प्रवेश घ्यायचा आणि प्रत्येकाला सन्मानचिन्ह मिळायचं, असे पुरस्कार मोजले जात नाहीत.

शास्त्रीय किंवा लोकसंगीतात चार्ट नसतात, प्रमाणपत्रं नसतात. मग या कलाकारांनी काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण चांगले आणि पात्र लेख इथेच हकनाक अडतात. लिहिणारा चार्टचे निकष पाहून खचतो, आणि तपासणाराही कधीकधी तेच निकष लावून बसतो.

बाजारपेठेबाहेरच्या परंपरांसाठी वेगळे निकष लिहिलेले आहेत. एखाद्या शैलीवर, तंत्रावर किंवा गायकी-वादनाच्या भांडारावर या कलाकाराचा प्रभाव पडला असं विश्वासार्ह लेखनात नोंदलं आहे का? त्याने बांधलेल्या चाली त्या परंपरेत इतर लोक गातात-वाजवतात का? त्या संगीताला वाहिलेल्या नियतकालिकांत त्याच्यावर वारंवार लिहिलं जातं का? मसुदा पाठवताना चर्चापानावर (लेखाला जोडलेल्या, संपादकांनी बोलण्याच्या पानावर) हे निकष स्पष्ट सांगा, म्हणजे तपासणाऱ्याला कुठल्या मापाने मोजायचं ते कळतं.

सुरबहारवादिका अन्नपूर्णादेवींचं उदाहरण घ्या. त्यांनी जाहीर वादन फार लवकर थांबवलं, व्यावसायिक ध्वनिमुद्रिका काढल्या नाहीत, आयुष्याचा मोठा काळ त्या बंद दाराआड शिकवत राहिल्या. चार्ट, विक्री, दौरे या कसोट्यांवर त्यांच्या नावापुढे शून्य येईल. पण निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे शिष्य त्यांच्याकडे शिकले, १९७७ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि त्यांच्या सुरबहारवर, शिकवण्याच्या पद्धतीवर संगीताच्या अभ्यासकांनी भरपूर लिहिलं. त्यांच्यावरचा लेख भक्कम उभा राहतो तो याच लेखनावर.

मौखिक परंपरेतल्या कलाकारांसाठी संदर्भ शोधायच्या जागाही वेगळ्या असतात. संगीतशास्त्राचे प्रबंध, लोकसाहित्याचे संग्रह, संशोधकांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांसोबतच्या छापील टिपा, जुन्या मासिकांचे विशेषांक. आधी ग्रंथालय, मग सर्च इंजिन.

साथीदार आणि स्टुडिओतल्या वादकांचं काय?

यांच्यावर लेख होणं अवघड जातं, आणि याची खंत वाटते. मैफलीच्या बातमीत शेवटच्या ओळीत ‘साथीला अमुक आणि तमुक’ एवढंच येतं. अशा शंभर ओळी जमवल्या तरी सविस्तर दखल होत नाही.

पण मार्ग बंद नसतो. अमेरिकेत मोटाऊन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांमागे फंक ब्रदर्स हा वादकांचा संच होता. १९७१ पर्यंत अल्बमवर त्यांची नावंही छापली जात नसत. पुढे संगीतप्रेमींनी आणि लेखकांनी एकेकाचा माग काढला, पुस्तकं लिहिली, २००२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट आला. आज त्यांतल्या अनेकांवर स्वतंत्र लेख आहेत. म्हणून साथीदारावर लिहायचं असेल तर त्याच्या साथीबद्दल लिहिलेलं शोधा: ठेका कसा बदलला, कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये त्याची कामगिरी समीक्षकाने वेगळी काढून सांगितली. त्याने कुणाकुणाला साथ केली, याची यादी देऊन भागत नाही.

ते एका मोठ्या गायकाचे पुत्र आणि शिष्य आहेत.

उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही. वडिलांच्या लेखात एका वाक्यात त्यांचा उल्लेख करता येईल.

बँडवर लेख आहे. त्यातल्या गिटारवादकावर वेगळा लेख करू का?

बँडबाहेरचं त्याचं काम स्वतंत्रपणे गाजलं असेल तरच. नाहीतर त्याच्या नावाचं पान बँडच्या लेखाकडे पुनर्निर्देशित करा, म्हणजे त्याचं नाव शोधणाऱ्यापुढे थेट बँडचा लेख उघडेल. अल्बम आणि गाण्यांनाही हेच लागू आहे.

संदर्भ इंग्रजीत नाहीत, किंवा फक्त छापील आहेत. चालतील?

दोन्ही चालतात. संदर्भ कुठल्याही भाषेतला असू शकतो आणि तो इंटरनेटवर असण्याची सक्ती नाही. छापील संदर्भ देताना नियतकालिकाचं नाव, लेखाचं शीर्षक, लेखक, दिनांक आणि पृष्ठक्रमांक पूर्ण द्या. परभाषेतला महत्त्वाचा परिच्छेद अनुवादासह चर्चापानावर ठेवला तर तपासणाऱ्याला मोठी मदत होते.

कलाकार आपल्या देशात अपरिचित असला तरी अडत नाही. अमेरिकन गायक-गीतकार सिक्स्टो रॉड्रिगेझचे १९७० आणि १९७१ साली आलेले दोन अल्बम अमेरिकेत कुणी फारसे विचारले नाहीत. दक्षिण आफ्रिकेत मात्र एक आख्खी पिढी ते ऐकत वाढली, आणि १९९८ मध्ये तो तिथे गेला तेव्हा मोठी सभागृहं भरली. त्याच्याबद्दलचं लेखन कुठल्या देशात झालं, याने काही फरक पडत नाही.

कलाकार हयात नाही. मृत्यूनंतर झालेलं लेखन धरतात का?

हो, पूर्ण धरतात. इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेक १९७४ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्या तीन अल्बमची विक्री नगण्य होती. त्याच्यावरचं बहुतेक लेखन नंतरचं आहे. फक्त मृत्यूच्या आठवड्यातल्या श्रद्धांजलींवर विसंबू नका. नातेवाइकांनी दिलेल्या छोट्या निधनवार्तेपेक्षा वृत्तपत्राच्या लेखकाने लिहिलेला मृत्युलेख कितीतरी मोलाचा.

मी स्वतःवर लेख लिहू का? किंवा माझ्या गुरूंवर?

स्वतःवर लिहू नका. बंदी नाही, पण अशा लेखाकडे संशयानेच पाहिलं जातं, आणि ते रास्त आहे. गुरू, नातलग, मित्र यांच्यावर लिहायचं असेल तर नातं आधी उघड सांगा, थेट लेख न बनवता मसुदा म्हणून पाठवा, आणि पुढचे बदल चर्चापानावर सुचवा. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांच्याबद्दल तटस्थ लिहिणं कुणालाही जड जातं.

पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून विकिपीडियाच्या वापराच्या अटींमध्ये सक्तीचं आहे. मानधन कोण देतं, हे लपवलं तर खातं बंद होऊ शकतं.

एक एजन्सी पैसे घेऊन पान करून देते म्हणते. द्यावे का?

देऊ नका. पान टिकण्याची हमी कुणीही देऊ शकत नाही, कारण निर्णय स्वयंसेवकांचा समुदाय घेतो. २०१५ च्या ऑगस्टअखेरीस इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली. ही खाती चालवणारे लोक नाकारलेले मसुदे हेरत, त्या कलाकारांना किंवा छोट्या व्यावसायिकांना गाठत, पैसे घेऊन पान चढवत, आणि पुढे ते ‘सांभाळण्यासाठी’ पुन्हा पैसे मागत. मसुदा नाकारल्यानंतर अचानक मदतीची ईमेल आली, तर सावध व्हा.

मसुदा नाकारला गेला. आता?

नाकारताना कारण दिलेलं असतं, ते आधी शांतपणे वाचा. बहुतेक वेळा ‘संदर्भ अपुरे’ एवढंच असतं. चांगले संदर्भ जोडून पुन्हा पाठवता येतं. संदर्भ न बदलता नुसती भाषा फिरवून पाठवलं तर तेच उत्तर मिळेल. इंग्रजी विकिपीडियावर सहा महिने हात न लागलेला मसुदा वगळला जातो, त्यामुळे आपल्याकडे प्रत ठेवा.

नकार म्हणजे त्या व्यक्तीच्या योग्यतेवरचा निकाल असं समजू नका. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलँड यांच्यावरचा मसुदा २०१८ च्या मे महिन्यात संदर्भांअभावी नाकारला गेला होता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं. मसुद्यासोबत दिलेले संदर्भ कमी पडले होते, त्यांचं संशोधन नव्हे.

लेख झाला, पण कुणीतरी वगळण्याची चर्चा सुरू केली आहे.

इंग्रजी विकिपीडियावर ही चर्चा साधारण सात दिवस चालते. तिथे मतं मोजली जात नाहीत, युक्तिवाद तोलले जातात. चाहत्यांना बोलावून ‘ठेवा, ठेवा’ असं लिहायला लावलं तर उलट परिणाम होतो: नवी खाती एकाच सुरात बोलताना दिसली की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तुमच्याकडचे दोन-तीन उत्तम संदर्भ द्या, प्रत्येकात काय आहे ते दोन ओळींत सांगा, आणि थांबा. प्रत्येक विरोधी मताला उत्तर द्यायला धावू नका.

लेखाची भाषा कशी असावी?

कोरडी चालेल, कौतुकाची नको. ‘अल्पावधीतच तरुणाईच्या गळ्यातील ताईत बनलेल्या, अष्टपैलू प्रतिभेच्या धनी’ असं वाक्य दिसलं की संपादक जाहिरात म्हणून खूण करतो, मग संदर्भ कितीही चांगले असोत. त्याऐवजी कुणापाशी शिकली, कुठल्या साली पहिला अल्बम आला, कुठल्या समीक्षकाने त्यावर काय म्हटलं, असं लिहा. स्तुती करायचीच असेल तर ती समीक्षकाच्या तोंडून, त्याच्या नावानिशी येऊ द्या. प्रतिकूल परीक्षण असेल तर तेही घ्या. सराव करायला आपली धूळपाटी (प्रत्येक सदस्याला मिळणारं कच्च्या लिखाणाचं पान) आहेच.

कलाकाराने फोटो दिला आहे, तो चढवू का?

बहुधा नाही. फोटोचा प्रताधिकार सहसा तो काढणाऱ्याकडे असतो, फोटोतल्या माणसाकडे नाही. छायाचित्रकाराने मुक्त परवाना दिला तरच तो चढवता येतो.

लेख झाल्यावर त्यावर कलाकाराचं नियंत्रण राहील का?

राहणार नाही, आणि हे त्यांना आधीच सांगा. वाद, खटला, फसलेला अल्बम, जे विश्वासार्ह ठिकाणी छापून आलं ते लेखात येऊ शकतं. हयात व्यक्तींबद्दलचा निराधार किंवा बदनामीकारक मजकूर लगेच काढण्याचा कडक नियम मात्र आहे. चूक दिसली तर चर्चापानावर संदर्भासह लिहावं.

सगळं तपासलं. संदर्भ खरोखर नाहीत. काहीच करता येणार नाही?

बरंच करता येतं, फक्त ते विकिपीडियाबाहेर आहे. म्युझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्स या संगीताच्या खुल्या माहितीसंचांत प्रकाशित ध्वनिमुद्रणं नोंदवता येतात, आणि तिथे प्रसिद्धीची अट नाही. साथीदारांची नावं, ध्वनिमुद्रणाचं साल, हे सगळं तिथे काळजीपूर्वक भरा. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड माहितीसंचाचे निकष विकिपीडियापेक्षा सैल आहेत, पण नुसत्या प्रसिद्धीसाठी केलेल्या नोंदी तिथेही काढल्या जातात.

त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे मूळ लेखन घडवून आणणं. संगीतावर लिहिणाऱ्या समीक्षकाला रेकॉर्डिंग ऐकवा. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला या कलाकाराच्या परंपरेबद्दल सांगा. जुन्या कार्यक्रमांची कात्रणं आणि ध्वनिफिती घरात कुजत असतील तर त्या नीट तारखा लावून ग्रंथालयाकडे किंवा ध्वनिसंग्रहालयाकडे सोपवा. अट एकच: लिहिणाऱ्याला काय लिहायचं ते सांगू नका, आणि लिहिण्याचे पैसे देऊ नका, नाहीतर ते लेखन स्वतंत्र राहत नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा शोध घ्या, आणि तेव्हा दोन भरीव लेख हाती लागले तर मसुदा उघडा.